रकाना सात : कुटुंब – एक

अर्जदार : मुख्य पॅराशूट घडीकार, घडीखोली, हँगर क्र. २ च्या मागे

दिनांक : चालू महिन्याची २४, मंगळवार

प्रति,
मा. तळप्रमुख,
वायुदल तळ, वरचे पठार,
तळ कार्यालय, पहिला मजला.

मार्फत : कोणाच्याही मार्फत नाही. कारण परिच्छेद ८ मध्ये दिले आहे.

विषय : स्थलांतर नमुना ११ मधील 'कुटुंब' या शब्दामुळे पायथ्याच्या छावणीत अडकलेली माझी पत्नी व मुलगी यांना गुरुवारच्या शेवटच्या ताफ्यातून वर आणण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दुरुस्ती अर्ज, दि. ५. २) शिस्त कक्षाची नोटीस, दि. ९. ३) शिस्त कक्षाचा दोषमुक्ती आदेश, दि. १६. ४) स्थलांतर कक्षाचे नकारपत्र, दि. १८. ५) घडीखोलीतील घटनेची नोंद, दि. १९.

महोदय,

विषय एका ओळीत मावला आहे, पण त्यापायी एक बाई आणि एक नऊ वर्षांची मुलगी आज एकवीस दिवस डोंगराच्या पायथ्याशी ट्रंकांवर बसून आहेत. गुरुवारी शेवटचा ताफा सुटला की बर्फामुळे रस्ता सात महिने बंद होतो. यास्तव हा अर्ज जरा लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. मी पॅराशूटची घडी घालणारा माणूस आहे. सव्वीस वर्षे दुसरे काही केले नाही आणि दुसरे काही येतही नाही. लांब टेबलावर कापड पसरायचे, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या, एकेक पट्टी दुमडून तिच्यावर शिशाचे वजन ठेवायचे म्हणजे ती हलत नाही, शेवटी सगळी वजने काढून, मोजून, गाठोडे बंद करायचे. प्रत्येक गाठोड्याच्या खिशात एक कार्ड असते व त्यावर माझी सही असते. विमानातून उडी मारणाऱ्याला ते कार्ड वाचायला सवड नसते. सही करताना मला असते. तीन महिन्यांपूर्वी माझी या तळावर बदली झाली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हवा विरळ आहे, नळ गोठतात, पाणी लवकर उकळते आणि त्यात काही शिजत नाही, हे सर्व मी येण्यापूर्वीच ऐकून होतो. राहण्याची खोली तयार नसल्याने मी मालवाहू विमानातून एकटा पुढे आलो व कुटुंबाने मागाहून रस्त्याने यावे असे ठरले. या महिन्याच्या १ तारखेस खोली मिळाली. भांडार अधिकाऱ्यांच्या परवानगीने निकामी पॅराशूटचे कापड घेऊन मी खिडक्यांच्या फटी बुजवल्या. खाली आमचे सरकारी घर होते, त्याच्या किल्ल्या पत्नीने ३ तारखेस परत केल्या. म्हणजे खाली आता आमचे काही नाही.

२. बदलीच्या वेळी स्थलांतर नमुना ११ भरावा लागतो. नोकरीत मी तो याआधी चार वेळा भरला आहे. जुन्या नमुन्यात रकाना ७ 'कुटुंब' व रकाना ८ 'अपत्ये' असा होता. आमचे वडील आईला कधी नावाने हाक मारत नसत, आणि कोणी विचारले तर "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असे सांगत. मी त्यांचाच मुलगा. कुटुंब म्हणजे बायको, हे मला कोणी मुद्दाम शिकवले नाही आणि कोणी विसरायलाही लावले नाही. सबब रकाना ७ मध्ये मी नेहमीप्रमाणे 'एक' असे लिहिले व मुलीची नोंद करण्यासाठी पेन खालच्या रकान्यावर नेले. तेथे 'पाळीव प्राणी' असे छापलेले होते. मी 'नाही' असे लिहिले. अपत्ये मागील पानावर असतील असे वाटले. मागील पान कोरे होते. मग वाटले की नव्या पद्धतीत ती माहिती सेवापुस्तकातून घेत असतील. तेव्हाच विचारायला हवे होते. मी विचारले नाही. ही चूक माझी आहे. नवा नमुना तयार करणाऱ्यांनी दोन रकाने एकत्र करून 'कुटुंब' म्हणजे सोबत येणारी एकूण माणसे असा अर्थ धरला होता, हे मला फार उशिरा कळले. शेजारच्या खोलीतील इंजिन मिस्त्रींनी रकाना ८ मध्ये पोपट लिहिला होता. तो पोपट गेल्या महिन्यात रीतसर पासावर वर आला असून त्याची तब्येत उत्तम आहे.

३. दि. ४ रोजी पत्नी व मुलगी पायथ्याच्या छावणीत दाखल झाल्या. तेथे माझ्या नावे एकच पास निघाला. छावणीप्रमुख भला माणूस आहे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला व आपल्या कुटुंबात एकच माणूस आहे, ते या दोघींपैकी कोण, असे पत्नीस विचारले. पास पत्नीच्या नावे झाला. ज्याच्याकडे पास तो छावणीचा रहिवासी. ज्याच्याकडे नाही तो अभ्यागत, आणि अभ्यागताने सायंकाळी सहाच्या आत छावणी सोडली पाहिजे असा तेथील नियम आहे. त्यावर छावणीप्रमुखांनी आपल्या परीने तोड काढली. रोज सहाला माझी मुलगी आईचा हात धरून फाटकाबाहेर जाते, पहारेकरी तिची 'गेली' अशी सही घेतो, मग ती तशीच मागे वळून 'तातडीचे कारण' या सदराखाली आत येते. मुलीला घरी आम्ही ठमी म्हणतो. ठमीचे अक्षर या निमित्ताने पुष्कळ सुधारले आहे असे पत्नी कळवते.

४. दि. ५ रोजी मी दुरुस्तीचा अर्ज केला. तो एका ओळीचा होता : "रकाना ७ मध्ये 'कुटुंब : एक' ऐवजी 'कुटुंब : दोन' असे वाचावे." कमीत कमी शब्दांत काम झाले म्हणून मी स्वतःवर खूश होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बदलीनंतर कुटुंबाच्या संख्येत फरक पडल्यास तो कागद पडताळणीसाठी शिस्त कक्षाकडे जातो. शिस्त कक्षाचे मुख्य लिपिक निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे गृहस्थ आहेत आणि तेही आपल्या पत्नीचा उल्लेख 'आमचं कुटुंब' असाच करतात. म्हणजे सबंध तळावर ज्या एका माणसाला माझी भाषा कळत होती, त्याला ती नेमकी नको तेव्हा कळली. दि. ९ रोजी मला नोटीस आली. तिच्यातील मजकूर असा : "आपण सेवेत असताना पूर्वपरवानगीवाचून दुसरे कुटुंब केल्याचे आपल्याच लेखी कबुलीवरून दिसून येते. सात दिवसांत खुलासा करावा. तोपर्यंत पहिल्या कुटुंबाचा पासही स्थगित ठेवण्यात येत आहे." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. भोजनगृहात लोक माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. दोघांनी हळूच अभिनंदन केले.

नोटिशीची एक प्रत नियमाप्रमाणे 'पहिल्या कुटुंबास' माहितीसाठी छावणीत पाठवण्यात आली. आम्हाला दर शुक्रवारी सात मिनिटे दूरध्वनी मिळतो. दि. १३ च्या शुक्रवारी पत्नीने पहिलेच वाक्य असे विचारले, "दुसरी कोण आहे, तेवढं तरी कळू दे." ती हसत होती की रडत होती ते तारेवर कळले नाही, आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्या आठवड्यात तिचाही पास स्थगित असल्याने दोघीही अभ्यागत ठरल्या होत्या. दि. ९ ते १६ या काळात छावणीच्या वहीत 'भेटीचे कारण' या सदरात पत्नीच्या नावापुढे 'मुलीस भेटण्यास' व मुलीच्या नावापुढे 'आईस भेटण्यास' अशी नोंद आहे. नक्कल सोबत जोडली आहे.

५. खुलाशासोबत मी छावणीप्रमुखांचा दाखला मागवला. त्या दोघी मायलेकी आहेत, एवढेच त्यांनी लिहायचे होते. पण छावणीप्रमुखांना वाटले की दोघींच्या वागणुकीबद्दल विचारणा आहे, आणि माणूस भला, त्यामुळे त्यांनी चांगला शेरा देण्याच्या भरात असे लिहून पाठवले : "सदर दोन्ही महिला खोली क्र. ६ मध्ये एकत्र राहत असून त्यांच्यात कोणताही वाद नाही. धाकटी थोरलीचे सर्व ऐकते." या दाखल्यानंतर शिस्त कक्षाला शंका म्हणून उरली नाही.

६. दि. १६ रोजी सुनावणी झाली. मी मुलीची जन्मनोंद, शाळेचा दाखला व आम्हा तिघांचे छायाचित्र घेऊन हजर राहिलो. मुख्य लिपिकांनी छायाचित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "अहो, ही तर तुमची मुलगी आहे. हिला कुटुंब कशाला म्हणता?" मी म्हणालो की मी कधीच म्हटले नव्हते, मला म्हणायला लावले गेले. त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी चहा मागवला, माझ्यासमोर आदेश लिहून घेतला आणि हातात दिला : "सदर मुलगी ही अर्जदाराचे कुटुंब नसून अपत्य असल्याचे निर्विवाद सिद्ध झाल्याने अर्जदारास दोषमुक्त करण्यात येत आहे." पत्नीचा पास त्याच दिवशी पुन्हा चालू झाला. मी त्या आदेशाची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली आणि दोन दिवस सुखाने झोपलो.

७. दि. १८ रोजी सायंकाळी स्थलांतर कक्षाचे पत्र आले. ते आपण कृपया मूळ पाहावे, कारण माझ्या शब्दांत सांगितले तर मी पदरचे घालतो आहे असे वाटेल. त्यात म्हटले आहे की, शिस्त कक्षाच्या दि. १६ च्या आदेशाने सदर मुलगी आपले कुटुंब नसल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे, सबब तिचा समावेश 'कुटुंब' या रकान्यात करता येत नाही. अपत्य म्हणून नोंद करावयाची असल्यास नमुना ११ मध्ये तसा रकाना नाही. सुधारित नमुने छापून येतील तेव्हा, म्हणजे रस्ता खुला झाल्यावर, नव्याने अर्ज करावा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी फारसा शहाणा नसूनही तो मला पुरेपूर बसला आहे.

मी पत्र घेऊन लगेच कक्षात गेलो. टेबलावर असलेल्या बाईंनी शांतपणे सर्व ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे असे की, चूक त्यांनाही दिसते आहे, पण जिथे रकानाच नाही तिथे त्यांनी मुलीला लिहायचे कुठे. मी रागाच्या भरात म्हणालो की प्रत्येकाला चाळीस किलोच्या तीन पेट्या न्यायची मुभा आहे, माझी मुलगी सत्तावीस किलोची आहे, तिला सामानात लिहा. बाईंनी खरोखर सामानाचा तक्ता काढून वाचला. सजीव वस्तू सामानात चालत नाहीत. त्या फक्त रकाना ८ मध्ये चालतात. रकाना ८ कडे आम्ही दोघांनीही क्षणभर पाहिले. मग मी उठून बाहेर आलो.

८. हा अर्ज मी कोणाच्याही मार्फत न पाठवता थेट आपल्या हाती देत आहे, तो या कारणाने. मार्फत पाठवला असता तर तो प्रथम स्थलांतर कक्षाकडे, तेथून पडताळणीसाठी शिस्त कक्षाकडे व तेथून पुन्हा स्थलांतर कक्षाकडे गेला असता, आणि तोवर बर्फ पडले असते. दोन्ही कक्षांतील कोणाबद्दलही माझ्या मनात किल्मिष नाही. प्रत्येकाने आपापल्या ओळीत बरोबरच लिहिले आहे. आपणासही स्मरत असेल, मी रुजू झालो त्या दिवशी नव्याने आलेल्या आम्हा नऊ जणांसमोर आपण म्हणाला होता की या तळावर कोणी एकटा नाही, आपण सगळे मिळून एकच कुटुंब आहोत. आपले ते बोलणे मला त्या दिवशी फार बरे वाटले होते. आता मी रात्रंदिवस या शब्दाचाच विचार करत असल्याने सांगतो : आपल्या अर्थाने धरले तर मी लिहिलेले 'एक' बरोबर आहे, आणि त्या एकात चारशे बारा माणसे व एक पोपट बसतो. फक्त माझी मुलगी बसत नाही.

९. येथपर्यंतचे सर्व माझ्या घरचे होते. यापुढचे आपल्या घरचे आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते. घटनेची नोंद आपल्याकडे आलीच असेल. पण नोंदीत 'मानवी चूक' एवढेच आहे, आणि तो माणूस मी आहे.

दि. १९ रोजी सकाळी मी टेबलावर उभा राहिलो तेव्हा ते नकारपत्र माझ्या खिशात होते. दुपारपर्यंत मी चार घड्या घातल्या. प्रत्येक घडीनंतर शिशाची वजने मोजून मोजणीच्या वहीत 'पाच' लिहायचे, हा आमच्या खोलीचा सर्वात जुना नियम आहे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे की घडी चुकली तर दिसते, मोजणी चुकली तर दिसत नाही. त्या दिवशी मी चौथ्या घडीनंतर एकदम चार वेळा 'पाच' लिहिले. लिहून झाल्यावर वजने पेटीत ठेवायला घेतली, तर ती चार होती.

मी टेबलाखाली पाहिले. अंगावरचे सर्व खिसे पाहिले. मग तिथे होती ती तीन गाठोडी उघडली. त्यांत काही नव्हते. उरलेले, सकाळी सर्वात आधी बांधलेले गाठोडे तोवर टेहळणीच्या विमानात गेले होते आणि विमान हवेत होते. या उंचीवर पळू नये असे दवाखान्यात बजावले आहे. मी नियंत्रण मनोऱ्यापर्यंत पळत गेलो. जिन्यावरून वर जाऊन, बोलता येईना म्हणून, उड्डाण अधिकाऱ्यांच्या पुढ्यात मोजणीची वही उघडून धरली. त्यांनी ती वाचली आणि लगेच विमानाला परत बोलावले. विमान खाली येईपर्यंत बावीस मिनिटे गेली. त्या बावीस मिनिटांत ढग उतरत होते आणि विमानात बसलेल्या वैमानिक बाईंच्या पाठीवर माझी सही होती. जीव टांगणीला लागणे हा वाक्प्रचार आमच्या खोलीत चेष्टेने वापरतात. मी तो पुन्हा वापरणार नाही.

विमान उतरले. मी धावपट्टीच्या कडेलाच, सर्वांसमोर, गाठोडे उघडले. वजन तिसऱ्या दुमडीत होते. ते पॅराशूट वेळेवर उघडले असते, किंवा नसते. माझ्या घडीबद्दल 'किंवा' हा शब्द सव्वीस वर्षांत मी प्रथमच वापरत आहे. वैमानिक बाई माझ्या मुलीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनीच मोठ्या असतील. त्या रागावतील, ओरडतील, असे मला वाटत होते. तसे झाले असते तर बरे वाटले असते. त्यांनी ते पसरलेले कापड गोळा करून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून मी खाली आले. परत घडी घाला, मी थांबते." मी म्हणालो की आज नाही. तेव्हापासून मी एकही घडी घातलेली नाही.

१०. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दूरध्वनी होता. घडलेले मी पत्नीला सांगणार नव्हतो, पण तिने माझ्या आवाजावरून ओळखले आणि सांगावे लागले. मग तिने छावणीतले सांगितले. छावणीप्रमुखांनी तिला सुचवले आहे की तिने पासावर वर यावे व मुलीला सात महिने पायथ्याच्या वसतिगृहात ठेवावे. वसतिगृह चांगले आहे. मीही, महोदय, त्या क्षणी थकून, तसेच करू या का, असे विचारले. पत्नी एरवी माझ्याशी भांडते तेव्हा आवाज चढवते. या वेळी तिने चढवला नाही. ती म्हणाली, "मी एकटी वर येणार नाही आणि ही एकटी खाली राहणार नाही. आता काय ते तुम्ही ठरवा." मग तिने फोन मुलीकडे दिला. ठमीने शाळा, जेवण, बर्फ, कशाबद्दलही विचारले नाही. तिने विचारले, "बाबा, मी आईला अजून किती दिवस भेटायला यायचं?"

वेळ संपल्याची घंटा झाली, याबद्दल मी दूरध्वनी कक्षाचा आभारी आहे.

११. घडीखोलीच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे. चौथा नियम असा : "हात कापत असेल किंवा मन थाऱ्यावर नसेल, तर टेबलाला हात लावू नये." हा नियम मोडल्याचा गुन्हा मी दि. १९ रोजी केला आहे आणि त्याची जी शिक्षा असेल ती मी भोगीन. पण तोच गुन्हा मी पुन्हा करणार नाही. तयार गाठोडी अकरा आहेत. त्यांपैकी सहांची मुदत महिनाअखेरीस संपते. त्यानंतर काय होईल ते मी आपणास सांगण्याची गरज नाही. ही धमकी समजू नये. मी अडवणूक करीत नाही. करायची असती तर मी ती दि. १० लाच केली असती, आणि वैमानिक बाईंवर ती वेळ आली नसती. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की ज्याची मुलगी रोज सहा वाजता फाटकाबाहेर जाऊन 'गेली' अशी सही करते, त्याने दुसऱ्याच्या मुलीच्या पाठीवर आपली सही करू नये.

तळाची गैरसोय होऊ नये म्हणून मी काल आमच्या विभागाच्या तारेवरून पायथ्याच्या घडीखोलीतील कनिष्ठ घडीकाराशी बोललो आहे. त्याला मीच शिकवले आहे. हात चांगला आहे, मोजणी कधी चुकवत नाही, आणि आपला आदेश मिळाल्यास गुरुवारच्या ताफ्याने वर यायला तयार आहे. त्याचे लग्न झालेले नसल्याने त्याचा रकाना ७ कोणत्याही अर्थाने वाचला तरी अडचण येणार नाही.

१२. आता विनंती. वर येणारा शेवटचा ताफा गुरुवारी सकाळी पायथ्याहून निघतो, आणि खाली जाणारा शेवटचा ताफाही गुरुवारी सकाळीच इथून निघतो. दोन्ही ताफे मधल्या ठाण्यावर मुक्काम करून शुक्रवारी सायंकाळी पोचतात. मी या अर्जासोबत दोन कागद तयार करून जोडत आहे. आपला वेळ जाऊ नये म्हणून दोन्ही पूर्ण भरले आहेत. फक्त आपल्या सहीची जागा मोकळी आहे.

कागद 'अ' हा मुलीला आपल्या खास अधिकारात पास देण्याचा आदेश आहे. त्यात 'कुटुंब' किंवा 'अपत्य' यांपैकी कोणताही शब्द मी वापरलेला नाही. "घडीकाराची मुलगी, वय नऊ, आईबरोबर येईल" एवढेच लिहिले आहे. सरकारी भाषेत हे बसत नसेल, पण याचा दुसरा अर्थ कोणाला काढता येणार नाही, याची मी दहा वेळा वाचून खात्री केली आहे.

कागद 'आ' हा माझा राजीनामा आहे. पूर्ण निवृत्तिवेतनाला चार वर्षे कमी पडतात, हे मला माहीत आहे. पत्नीलाही माहीत आहे. आज दुपारी मी माझी हत्यारे पुसून, मोजून पेटीत ठेवली आहेत व पेटीची किल्ली भांडारात दिली आहे. टेबल मोकळे आहे.

आपण दोन्हींपैकी एकावर उद्या, बुधवारी, कार्यालय बंद होण्यापूर्वी सही करावी. 'अ' वर केलीत तर आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही आणि शनिवारी सकाळी टेबलावर उभा राहीन. 'आ' वर केलीत तरी माझा राग नसेल. आम्ही कुठल्या खोलीत असू, ते आपल्या सहीवर अवलंबून आहे. शुक्रवारी सायंकाळी आम्ही तिघे एकाच खोलीत असू, हे मात्र ठरलेले आहे, आणि त्यासाठी या अर्जात परवानगी मागितलेली नाही.

उद्या दिवसभर आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहणारा,

आपला नम्र,

(सही)
मुख्य पॅराशूट घडीकार
वायुदल तळ, वरचे पठार

सोबत :
१) मुलीची जन्मनोंद व शाळेचा दाखला.
२) संदर्भात नमूद केलेली पाचही पत्रे, मूळ प्रतींसह.
३) छावणीच्या अभ्यागत वहीच्या पानांची नक्कल.
४) कागद 'अ'.
५) कागद 'आ'.